सेंटर फॉरवर्डचा मेंदू

७ जून १९७० रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे विश्वचषक स्पर्धेत ब्राझील आणि इंग्लंड समोरासमोर आले. फुटबॉलची थोडीफार आवड असलेल्या आपल्या वाचकांना हा सामना एका क्षणासाठी माहीत असेल. पेलेने डोक्याने जोरात खाली मारलेला चेंडू गोलात जाणार असे सर्वांनी धरले होते. गोलरक्षक गॉर्डन बँक्सने झेप घेऊन तो आडव्या दांड्यावरून बाहेर घालवला. याच सामन्यात आणखी एक प्रसंग घडला, आणि तो इंग्लंडमध्ये बराच काळ चघळला गेला. ब्राझील १-० ने पुढे असताना बदली खेळाडू म्हणून आलेल्या जेफ ॲस्टलकडे अगदी मोक्याच्या जागी चेंडू आला आणि त्याने तो डाव्या पायाने गोलाबाहेर मारला. चेंडू जरा उंच आला असता तर, असे त्याचे चाहते म्हणत राहिले. कारण उंच चेंडू डोक्याने मारण्यात ॲस्टलचा हातखंडा होता.

त्याच्या या कौशल्याची आणि त्याच्या अखेरच्या आजाराची गोष्ट आम्ही येथे सांगणार आहोत. एखाद्या रोगाचे कारण तीस वर्षांपूर्वीच्या रोजच्या कामात दडलेले असेल तर ते सिद्ध कसे करायचे, हा वैद्यकशास्त्रातील जुना आणि चिवट प्रश्न आहे. फुटबॉलमध्ये तो सोडवायला किती वेळ लागला, हे पाहण्यासारखे आहे.

जेफ ॲस्टलचा जन्म १३ मे १९४२ चा, इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील ईस्टवुड या कोळसा-खाणींच्या गावातला. नॉट्स कौंटी या क्लबकडून त्याने व्यावसायिक खेळ सुरू केला. १९६४ मध्ये वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियनने २५,००० पौंड देऊन त्याला आपल्याकडे घेतले. त्या क्लबसाठी ३६१ सामन्यांत त्याने १७४ गोल केले. १९६७-६८ च्या मोसमात एफ. ए. कपच्या प्रत्येक फेरीत त्याने गोल केला, आणि वेम्बलीच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्ध जादा वेळेत झालेला एकमेव गोलही त्याचाच होता. गंमत अशी की डोक्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या माणसाचा सर्वांत गाजलेला गोल डाव्या पायाचा आहे. १९६९-७० मध्ये २५ गोल करून तो पहिल्या विभागात सर्वाधिक गोल करणारा ठरला. इंग्लंडसाठी मात्र तो पाचच सामने खेळला. चाहते त्याला 'किंग' म्हणत.

त्या काळच्या फुटबॉलपटूंना आजच्यासारखे पैसे मिळत नसत. खेळ थांबल्यावर ॲस्टलने साफसफाईचा व्यवसाय काढला. 'जेफ ॲस्टल कोपरे कधी चुकवत नाही' अशा अर्थाचे ब्रीदवाक्य त्याच्या गाडीवर रंगवलेले होते. ग्वादालाहाराच्या चुकीवर स्वतःच विनोद करणारा हा गृहस्थ १९९० च्या दशकात एका विनोदी दूरदर्शन कार्यक्रमात गाणी म्हणायचा आणि नव्या पिढीलाही माहीत झाला होता.

पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या वागण्यात बदल दिसू लागले. विसराळूपणा वाढला, पुढे माणसे ओळखू येईनात. निदान झाले ते कमी वयात आलेल्या अल्झायमरचे. आपण कधी फुटबॉल खेळलो होतो हेही शेवटी त्याला आठवत नव्हते, असे त्याच्या मुलीने पुढे सांगितले. १९ जानेवारी २००२ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

इंग्लंडमध्ये संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी कॉरोनर नावाचा अधिकारी करतो. आपल्याकडे मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनरचे न्यायालय होते, जुन्या वाचकांना ते आठवेल. ॲस्टलच्या मृत्यूची चौकशी नोव्हेंबर २००२ मध्ये झाली. मेंदूची तपासणी केलेल्या विकृतिशास्त्रज्ञाने साक्ष दिली की मेंदूला, विशेषतः पुढच्या भागाला, झालेली इजा वारंवार बसलेल्या लहान आघातांशी जुळणारी आहे. कॉरोनरने निर्णय दिला : मृत्यू 'औद्योगिक रोगाने' झाला.

हे शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. औद्योगिक रोग म्हणजे कोळशाच्या धुळीने निकामी झालेली खाणकामगाराची फुप्फुसे, ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी झालेला कर्करोग. खाणींच्या गावात जन्मलेला ॲस्टल खाणीत न जाता मैदानावर गेला. त्याच्या मृत्यूच्या कागदावर मात्र खाणकामगाराला लागणारा शब्द लागला. त्याचा उद्योग होता चेंडू डोक्याने मारणे.

या निर्णयाला एक पूर्वेतिहास आहे. वारंवार डोक्याला मार बसल्याने मेंदू बिघडतो हे मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत फार पूर्वी लक्षात आले होते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात न्यूअर्क येथे काम करणारे हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये 'ठोसे खाऊन झिंगलेल्या' योद्ध्यांवर लेख लिहिला : अडखळती चाल, जड जीभ, मंदावलेली बुद्धी. विज्ञानशिक्षकांना मार्टलँड यांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग देताना ब्रशचे टोक ओठांनी सारखे करणाऱ्या कामगार मुली आजारी पडून मरू लागल्या, तेव्हा दोष रेडियमचाच आहे हे दाखवून देणाऱ्यांत हेच मार्टलँड होते. कामातून होणारा रोग ओळखण्याची त्यांची नजर दोन्ही ठिकाणी उपयोगी पडली. पुढे १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. या विकाराला दीर्घकालीन आघातजन्य मेंदूविकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो सी. टी. ई. या नावाने ओळखला जातो आणि आम्हीही तेच नाव वापरू.

मग फुटबॉलकडे लक्ष का गेले नाही? मुष्टियुद्धात डोक्यावर मारणे हाच हेतू असतो, फुटबॉलमध्ये तसे नसते. शिवाय हेडर मारणारा खेळाडू खाली पडत नाही, त्याला चक्कर येत नाही, तो पुढच्या चेंडूमागे धावतो. ज्या आघाताचा ताबडतोब परिणाम दिसत नाही तो आघातच नाही, असे सर्वांनी गृहीत धरले. इशारे अजिबात नव्हते असे नाही. नॉर्वेत टिस्वेर यांनी राष्ट्रीय संघातून खेळलेल्या ३७ माजी खेळाडूंच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ८१ टक्क्यांत कमी-अधिक दोष आढळले. पण त्याकडे फार कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

आघात केवढा असतो याचा अंदाज नववी-दहावीचे विद्यार्थीही काढू शकतील. चेंडूचे वजन नियमाप्रमाणे ४१० ते ४५० ग्रॅम. ४३० ग्रॅम धरू. तो सेकंदाला २० मीटर वेगाने आला आणि डोक्यावर आपटून १० मीटर वेगाने उलट गेला असे समजू. संवेगातील बदल ०.४३ × ३०, म्हणजे सुमारे १३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. चेंडू आणि कपाळ यांचा संपर्क साधारण एक शतांश सेकंद टिकतो. तो १२ सहस्रांश सेकंद धरला तर सरासरी बल येते सुमारे १०७५ न्यूटन. हे जवळजवळ ११० किलो वजनाइतके झाले. नुसत्या डोक्याचे वस्तुमान पाच किलो धरले तर त्याला मिळणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या वीस-बावीस पट होते. खेळाडू मान ताठ ठेवतो, त्यामुळे धडाचे वस्तुमान डोक्याच्या मदतीला येते आणि प्रत्यक्षातले त्वरण कमी होते. हेडर मारताना मान घट्ट ठेवायला प्रशिक्षक सांगतात त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे, त्यांना ते माहीत असो वा नसो. लहान मुलांची मान बारीक आणि डोके त्या मानाने मोठे असते. तेथे ही मदत कमी पडते.

आता समजा, एखादा व्यावसायिक खेळाडू सरावात आणि सामन्यांत मिळून दिवसाला २० हेडर मारतो, वर्षात २०० दिवस, अशी १५ वर्षे. गुणाकार करून पाहावा : साठ हजार.

कवटीत मेंदूचे काय होते? नारळात सुटलेला खोबऱ्याचा गोटा जसा आत खडखडतो तसा मेंदू कवटीवर आपटतो, असे चित्र पुष्कळदा रंगवले जाते. आमच्या मते हे चित्र दिशाभूल करते. मेंदू गोट्यासारखा टणक नाही, तो खरवसाच्या वडीपेक्षाही मऊ आहे आणि द्रवात बुडालेला आहे. डोके झटक्याने वळले की बाहेरचा थर आधी फिरतो, आतला मागे राहतो आणि मधल्या भागाला पीळ बसतो. चेतापेशींचे लांब तंतू या पिळात ताणले जातात. तंतूच्या आत सूक्ष्मनलिका असतात, आगगाडीच्या रुळांसारख्या, आणि टाउ नावाचे प्रथिन त्यांना जागेवर धरून ठेवते. ताणाने टाउ सुटते, त्यात रासायनिक बदल होतो आणि त्याच्या गाठी बनू लागतात. सी. टी. ई. मध्ये या गाठी मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती सापडतात. पीळ बसला की ताण सर्वांत जास्त येतो तोही याच जागी. अल्झायमरमध्येही टाउच्या गाठी असतात, पण त्यांची मांडणी वेगळी असते. बाहेरून पाहिले तर दोन्ही रोगी विसरतात, गोंधळतात, चिडतात. फरक समजतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, आणि म्हणून रोगी गेल्यानंतरच.

२००२ हे वर्ष या विषयात विलक्षण ठरले. ॲस्टलची चौकशी इंग्लंडमध्ये झाली त्याच्या थोडेच आधी, सप्टेंबरमध्ये, अमेरिकेत पिट्सबर्ग येथे माइक वेब्स्टर हा अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू वयाच्या ५० व्या वर्षी वारला. तो खेळ वेगळा. त्यात खेळाडू एकमेकांवर अक्षरशः डोके आपटतात. वेब्स्टरच्या मेंदूत बेनेट ओमालू या विकृतिशास्त्रज्ञाला सी. टी. ई. च्या खुणा सापडल्या आणि २००५ मध्ये त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. अमेरिकेत त्यावरून मोठे वादळ उठले, खटले झाले. इंग्लंडमध्ये, जेथे कॉरोनरचा स्पष्ट निर्णय आधीच हातात होता, तेथे मात्र बरीच वर्षे शांतता होती. तरुण खेळाडूंचा दहा वर्षे पाठपुरावा करण्याची योजना त्या सुमारास जाहीर झाली होती. तिचे निष्कर्ष कधी प्रसिद्ध झालेच नाहीत.

ॲस्टलच्या पत्नीने आणि मुलींनी विषय सोडला नाही. जपून ठेवलेला मेंदूचा भाग ग्लासगोचे विकृतिशास्त्रज्ञ विली स्टुअर्ट यांनी पुन्हा तपासला, आणि २०१४ मध्ये जाहीर झाले की ॲस्टलला सी. टी. ई. होता. मृत्यूनंतर बारा वर्षांनी रोगाचे नाव बदलले. हे शक्य झाले कारण ऊती कोणीतरी नीट सांभाळून ठेवल्या होत्या.

पण येथे शास्त्रज्ञाने थोडे थांबायला हवे. एक मेंदू म्हणजे एक उदाहरण. अल्झायमर तर फुटबॉल न खेळलेल्यांनाही होतो. २०१७ मध्ये दोन अभ्यास गाजले. वेल्समधील स्वॉन्झी येथे स्मृतिभ्रंश झालेल्या १४ माजी फुटबॉलपटूंचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला होता. त्यांपैकी सहा जणांचे मेंदू तपासता आले आणि चौघांत सी. टी. ई. आढळला. अमेरिकेत तेथील व्यावसायिक फुटबॉलपटूंचे १११ मेंदू तपासले, त्यांत ११० मध्ये तो सापडला. आकडा धक्कादायक आहे. मात्र हे मेंदू दान करणारी कुटुंबे कोण? बहुतेक करून ज्यांना घरात काहीतरी बिघडल्याचे दिसले होते ती. सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्यांना विचारून गावात खोकला किती हे ठरवण्यासारखे हे होते. अभ्यास करणाऱ्यांनीही ही मर्यादा सांगितली होती, वर्तमानपत्रांनी ती वगळली.

खरे उत्तर हवे असेल तर सर्व खेळाडू घ्यायला हवेत, आजारी आणि धडधाकट दोन्ही, आणि त्यांच्यासारखेच पण न खेळलेले लोक शेजारी ठेवायला हवेत. स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये हेच केले. १९०० ते १९७६ या काळात जन्मलेले ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू त्यांनी जुन्या नोंदींतून शोधले, आणि प्रत्येकामागे वय, लिंग आणि राहत्या भागाची आर्थिक स्थिती जुळणारे तीन, असे २३,०२८ सामान्य नागरिक निवडले. स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेत प्रत्येकाला एक क्रमांक असतो, त्यावरून मृत्यूचे कारण आणि औषधांच्या नोंदी जोडता येतात. शाळेचे जनरल रजिस्टर वर्षानुवर्षे भरत राहण्याचा कंटाळा प्रत्येक शिक्षकाला आला असेल. असल्याच कंटाळवाण्या नोंदींवर हा शोध उभा आहे.

निष्कर्ष ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या ऱ्हासाचा रोग हे मृत्यूचे मुख्य कारण असलेले खेळाडू १.७ टक्के होते, सामान्य नागरिक ०.५ टक्के. सर्व हिशेब करता धोका सुमारे साडेतीन पट. अल्झायमरचा सुमारे पाच पट. प्रश्न विचारता येईल की खेळाडू जास्त जगतात म्हणून त्यांना म्हातारपणाचे रोग अधिक होत असतील. शंका रास्त आहे. सत्तरीपर्यंत खेळाडूंचे मृत्यू खरोखरच कमी होते, हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगानेही ते कमी मेले होते. संशोधकांनी हा भाग हिशेबात घेतला, तरी साडेतीन पट उरलेच. मैदानावर धावण्याचा फायदा आणि डोक्याला बसणाऱ्या माराचा तोटा, दोन्ही एकाच अभ्यासात दिसले.

तरीही यातून हेडरच दोषी ठरतो का? खेळाडू एकमेकांवर आदळतात, पडतात. येथे निसर्गाने, किंवा खेळाच्या नियमांनी म्हणा, एक प्रयोग आधीच मांडून ठेवला होता. गोलरक्षक तोच सराव करतो, तसेच खातो-पितो, त्याच क्लबमध्ये वाढतो, पण चेंडू हाताने धरतो. डोक्याने तो क्वचितच मारतो. उलट बचावफळीतील खेळाडू उंच चेंडू दिवसभर डोक्याने परतवत असतो. २०२१ मध्ये याच गटाने खेळाडूंची जागेनुसार विभागणी केली. बचावपटूंत धोका सुमारे पाच पट निघाला. गोलरक्षकांत तो सामान्य नागरिकांपेक्षा निश्चितपणे जास्त आहे असे म्हणता येईना. जितकी कारकीर्द लांब तितका धोका अधिक, हेही दिसले. स्वीडनच्या अव्वल विभागातील ६,००७ खेळाडूंचा अभ्यास २०२३ मध्ये आला. तेथे वाढ सौम्य, सुमारे दीडपट होती. पण गोलरक्षक तेथेही सुटलेले होते. दोन देश, दोन वेगळ्या नोंदवह्या, आणि तोच एक खेळाडू बाजूला पडतो. आम्हाला हा या साऱ्या पुराव्यातील सर्वांत बोलका भाग वाटतो.

'तो जुना कातडी चेंडू पाणी पिऊन दगड व्हायचा, आता तसे नाही' असे हमखास ऐकू येते. कातडी चेंडू भिजून जड होत असे हे खरे. पण जड चेंडू हळूही जातो. कोरड्या चेंडूचे नियमातील वजन तेव्हा होते तेच आजही आहे, आणि आजचा न भिजणारा चेंडू जास्त वेगाने येतो. संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, एकच संख्या बघून भागत नाही. स्कॉटिश अभ्यासात १९१० पासून १९६९ पर्यंत कोणत्याही दशकात जन्मलेल्यांचा धोका सारखाच निघाला. पूर्णपणे कृत्रिम धाग्याचा चेंडू विश्वचषकात १९८६ मध्ये प्रथम आला. तेव्हा केवळ अशा चेंडूवर वाढलेली पिढी अजून त्या वयाला पोचायची आहे. स्त्री-खेळाडूंचेही तसेच. स्कॉटलंडचे आकडे केवळ पुरुषांचे आहेत.

दरम्यान १९६६ मध्ये विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातील रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि चार्ल्टन बंधू अशा पाच जणांना उतारवयात स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर झाले. पाचही आता हयात नाहीत. स्टाइल्सच्या मेंदूत सी. टी. ई. सापडला. अकरांतले पाच हा पुरावा नव्हे, गावातल्या रांगेचा दाखला येथेही लागू आहे. पण लोकांना आकडेवारीपेक्षा ओळखीची नावे लवकर हलवतात, आणि येथे तसेच झाले.

नियम बदलू लागले ते लहान मुलांपासून. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडर काढला गेला. २०२१ मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंना सरावात आठवड्याला जोरदार हेडर दहापेक्षा जास्त मारू नयेत असे सुचवण्यात आले. स्कॉटलंडने २०२२ मध्ये सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडरचा सराव बंद केला.

कोल्हापूरच्या तालमींच्या संघांपासून गोव्याच्या गावोगावच्या मैदानांपर्यंत आपल्याकडेही मुले फुटबॉल खेळतात, आणि भिंतीवर चेंडू आपटून हेडरचा सराव करणारी मुले कोणत्याही शाळेच्या मागे दिसतात. क्रीडाशिक्षकांनी एका तासात एक मुलगा किती वेळा चेंडू डोक्याने मारतो याची नोंद वर्गातल्याच कोणाकडून करून घ्यावी, असे आम्ही सुचवू. सरावातले हेडर सामन्यातल्यापेक्षा किती जास्त असतात ते त्यातून कळेल. सामन्यातले हेडर नियम बदलल्याशिवाय थांबत नाहीत, सरावातले शिक्षकाच्या एका शब्दाने थांबतात.

इंग्लंडमध्ये सामन्यांचा नियमही बदलला आहे. २०२४-२५ च्या मोसमात सात ते नऊ वर्षांखालील गटांपासून सुरुवात झाली. २०२५-२६ मध्ये दहा वर्षांखालील आणि २०२६-२७ मध्ये अकरा वर्षांखालील गट, असा तीन मोसमांचा क्रम ठरला. या सामन्यांत मुद्दाम डोक्याने मारलेला चेंडू हा फाउल धरला जातो आणि प्रतिपक्षाला इनडायरेक्ट फ्री किक मिळते.